चित्रकार कुठे उभा आहे?

पंधराव्या शतकाच्या पहिल्या पंचविशीत फ्लॉरेन्समध्ये फिलिपो ब्रुनेलेस्कीनं एक छोटंसं चित्र काढलं. शहराच्या मुख्य चर्चसमोर उभी असलेली अष्टकोनी बॅप्टिस्ट्री त्यात होती. ते चित्र आज उरलेलं नाही, पण त्याचा चरित्रकार मानेत्ती यानं त्याची हकिगत तपशिलानं लिहून ठेवली आहे. चर्चच्या मधल्या दारातून थोडं आत उभं राहून ब्रुनेलेस्कीनं ती वास्तू पाहिली, लाकडी फळीवर रंगवली आणि मग फळीला नेमक्या नजरेच्या बिंदूवर भोक पाडलं. बघणाऱ्यानं फळीच्या पाठीमागून त्या भोकाला डोळा लावायचा, दुसऱ्या हातानं समोर आरसा धरायचा आणि आरशात चित्र पाहायचं. आभाळ त्यानं रंगवलंच नव्हतं. त्या जागी घासून लखलखीत केलेली चांदी होती, त्यामुळे खरे ढग तिच्यात सरकताना दिसत. यथार्थदर्शनाच्या शास्त्राचा आरंभ म्हणून ही गोष्ट नेहमी सांगितली जाते, आणि सांगणाऱ्याचं सगळं लक्ष रेषांवर असतं. आरशाकडे फारसं कुणी बघत नाही. एरवी आरसा समोर धरला की माणसाला स्वतःचं तोंड दिसतं. इथे तोंडाच्या जागी इमारत दिसते आणि डोळ्याच्या जागी एक भोक. शहरातल्या वास्तूचं शास्त्रशुद्ध चित्र आणि आत्मचित्र या दोन प्रकारांचं अवजार मुळात एकच होतं.

पुढे मात्र या दोघांची ताटातूट झाली. कोणत्याही चित्रकाराचं मोठं प्रदर्शन भरलं की आत्मचित्रं दारापाशी लागतात, जणू पाहुण्यांच्या स्वागताला. आणि रस्ते, पूल, गच्च्या, खिडक्या ‘शहर’ अशी पाटी लावून वेगळ्या दालनात जातात. पहिल्या दालनात आपण चित्रकाराचा स्वभाव शोधतो, दुसऱ्यात गावाचा इतिहास. ही वाटणी सोयीची आहे, पण तिच्यामुळे एक महत्त्वाचा पुरावा हातातून निसटतो. चेहरा रंगवताना चित्रकार सावध असतो. आपण कसं दिसावं याची त्याची काही इच्छा असते, बाजारात मान असतो, पूर्वसुरींच्या आत्मचित्रांचा धाक असतो. इमारत रंगवताना तो स्वतःला विसरतो, आणि नेमका तिथेच आपला पत्ता लिहून जातो. तो किती उंचीवर उभा आहे, किती लांब आहे, आत आहे की बाहेर, आणि समोर असूनही त्यानं काय गाळलं, या चार गोष्टी वास्तूच्या चित्रातून कळतात. आत्मचित्राचा मूळ प्रश्न ‘मी कोण’ असा धरला, तर त्याचं अधिक प्रामाणिक उत्तर पुष्कळदा शहराच्या चित्रात सापडतं, हे या लेखाचं म्हणणं आहे.

यावर पहिला आक्षेप जुनाच आहे. प्रत्येक चित्रकार स्वतःलाच रंगवतो, अशी म्हण पंधराव्या शतकातल्या इटलीत रूढ होती, आणि लिओनार्दो दा विंची तर याला दोष मानायचा. चित्रकारानं आपल्या अंगाची ठेवण नकळत सगळ्या आकृत्यांना देऊ नये, अशी त्याची ताकीद होती. सगळीच चित्रं आत्मचित्रं ठरवली तर त्या शब्दाला अर्थ उरत नाही, हे खरं. म्हणूनच इथला दावा मुद्दाम अरुंद ठेवला आहे. चित्रात चित्रकाराचं ‘मन’ उतरतं, असं मला म्हणायचं नाही. ते मोजता येत नाही आणि खोडताही येत नाही. उभं राहण्याची जागा मात्र मोजता येते. क्षितिजरेषा कुठे आहे ते पाहून डोळ्याची उंची सांगता येते, इमारत कुठे कापली आहे त्यावरून अंतर कळतं, आणि जागा आजही शिल्लक असेल तर गाळलेलं काय तेही ताडून बघता येतं. ज्या चित्रकारांच्या बाबतीत ही तपासणी काहीच सांगत नाही, तिथे हा दावा सोडून द्यावा.

असे चित्रकार आहेत. कानालेत्तो हे त्यातलं सर्वांत मोठं नाव. अठराव्या शतकातलं व्हेनिस त्यानं इतक्या बारकाईनं रंगवलं की आजही लोक ते शहर त्याच्या डोळ्यांनी बघतात. पण त्याचं गिऱ्हाईक प्रामुख्यानं सफरीवर आलेले धनिक इंग्रज होते, आणि त्यांना आठवण म्हणून घरी न्यायला व्हेनिस हवं होतं, कानालेत्तो नव्हे. तो दोन-तीन ठिकाणांहून दिसणारे देखावे एकाच चित्रात बेमालूम जोडायचा, इमारती थोड्या सरकवायचा, कालव्याची रुंदी वाढवायचा. त्याच्या कित्येक चित्रांतली जागा अशी आहे की तिथे कुणीही माणूस उभा राहू शकत नाही. चित्र सुरेख असतं, पण उभं राहणारा कुणी नसतो. तेव्हा कानालेत्तो या दाव्याबाहेरचा, हे मान्य करून पुढे गेलेलं बरं.

त्याच्या आधीच्या शतकातला डेल्फ्टचा कारेल फॅब्रिशियस याच्या नेमका उलट. त्याची मोजून डझनभर चित्रं उरली आहेत, म्हणून प्रत्येकाला वजन आहे. लंडनच्या नॅशनल गॅलरीत त्याचं १६५२ सालचं डेल्फ्टचं दृश्य आहे, रुंदीला जेमतेम ३२ सेंटिमीटर. मधोमध नव्या चर्चचा मनोरा, रस्ता विचित्र वळलेला, आणि डाव्या कोपऱ्यात सावलीत बसलेला एक वाद्यविक्रेता; पुढ्यात व्हायोलजातीचं मोठं वाद्य आणि एक ल्यूट. रस्त्याचं ते वळण कदाचित चित्र एखाद्या पेटीत वाकवून बसवायचं असल्यामुळे आलं असेल, म्हणजे ब्रुनेलेस्कीसारखंच एका भोकातून बघायचं चित्र. पण लक्षात राहते ती सही. फॅब्रिशियसनं ती चित्राच्या तळाशी न करता चित्रातल्या भिंतीवर, विक्रेत्याच्या जवळ केली आहे, कुणी गावातल्या भिंतीवर नाव लिहावं तशी. आता याच माणसाचं रॉटरडॅममधलं, साधारण १६४५ सालचं आत्मचित्र पाहा. मोकळे केस, उघडी छाती, आणि मागे पडदा नाही, खांब नाही, गडद अंधारही नाही. आहे ती खडबडीत, गिलावा उडालेली भिंत, चेहऱ्याइतक्याच आस्थेनं रंगवलेली. एका चित्रात भिंतीपुढे माणूस, दुसऱ्यात भिंतीवर त्याचं नाव. १२ ऑक्टोबर १६५४ रोजी डेल्फ्टमधलं दारूगोळ्याचं कोठार उडालं, शहराचा मोठा भाग जमीनदोस्त झाला आणि फॅब्रिशियस त्यातच गेला.

शहर आणि चेहरा उघडपणे एका कॅनव्हासवर आणणारेही झाले. पॅरिसच्या जकात नाक्यावर नोकरी केलेल्या आंरी रूसोनं १८९० मध्ये स्वतःला सीनच्या काठावर उभं केलं. हातात पॅलेट, मागे झेंड्यांनी सजलेलं जहाज, आभाळात फुगा, आणि जेमतेम वर्षभरापूर्वी उभा राहिलेला आयफेल टॉवर. मागची माणसं मुंगीएवढी आणि रूसो टॉवरपेक्षा उंच. व्यक्तिचित्र आणि निसर्गचित्र एकत्र करण्याचा प्रकार आपणच शोधला, असं तो अभिमानानं सांगायचा. लोक हसले. १९०८ मध्ये उंबेर्तो बोच्चिओनीनं मिलानमध्ये स्वतःला बाल्कनीत रंगवलं, तेव्हा त्याच्या पाठीमागे शहराच्या कडेला उभ्या राहणाऱ्या नव्या इमारती होत्या. दोन वर्षांनी त्यानं उभं राहणारं शहर हाच विषय घेऊन प्रचंड कॅनव्हास केला, त्यातून चेहरा गेला आणि बांधकाम उरलं. ही दोन्ही आत्मचित्रं बोलकी आहेत, पण पुरावा म्हणून मी त्यांच्यावर फार भार टाकणार नाही. तिथे चित्रकाराला आपण काय सांगतोय हे पक्कं ठाऊक आहे.

खरी कसोटी लागते ती एडवर्ड हॉपरपाशी. १९१३ पासून १९६७ मध्ये मरेपर्यंत तो न्यूयॉर्कमध्ये एकाच पत्त्यावर राहिला: ३, वॉशिंग्टन स्क्वेअर नॉर्थ, वरचा मजला. या पन्नासहून अधिक वर्षांत त्याच्याभोवतीचं शहर आभाळाला भिडलं. क्रायस्लर बिल्डिंग १९३० मध्ये पुरी झाली, एम्पायर स्टेट १९३१ मध्ये. जगभरचे छायाचित्रकार, चित्रकार, सिनेमावाले त्या शिखरांकडे मान वर करून बघत होते. हॉपरनं त्यांना जागाच दिली नाही. त्याच्या कॅनव्हासवर दोन-चार मजली विटांच्या इमारती आडव्या पसरतात आणि उंच काही आलंच तर चौकट त्याला कापून टाकते. ‘अर्ली संडे मॉर्निंग’ (१९३०) मध्ये दुकानांची एक बुटकी लाल ओळ आहे, वर खिडक्या, पुढे फायर हायड्रंट आणि न्हाव्याच्या दुकानाचा रंगीत खांब. उजव्या वरच्या कोपऱ्यात एक काळसर चौकोन डोकावतो, गगनचुंबी इमारतीचा तेवढाच उल्लेख. एका खिडकीत त्यानं आधी माणूस रंगवला होता, मग पुसून टाकला. चित्राचं पहिलं नाव सेव्हन्थ ॲव्हेन्यूचं होतं. पण तो रस्ता साधारण उत्तर-दक्षिण जातो, तेव्हा सकाळच्या उन्हात सावल्या अशा रस्त्याच्या लांबीनं पडणं अवघड आहे. म्हणजे ही नोंद नव्हे. चित्रकारानं निवडलेली, जुळवलेली जागा आहे: रस्त्याच्या पलीकडच्या फुटपाथवर, अगदी समोरासमोर, दोन्ही बाजूंना रेषा कुठेही न धावणारी. माणूस आरशापुढे उभा राहतो तसा हॉपर या दुकानांपुढे उभा आहे.

आता त्याची आत्मचित्रं घेऊ. कलाशाळेत शिकत असताना त्यानं स्वतःला पुष्कळ वेळा रंगवलं. प्रौढपणीचं महत्त्वाचं तैलचित्र एकच, १९२५ ते १९३० या काळातलं, न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात असलेलं. टोपी, टाय, निळा शर्ट. पाठीमागे भिंत आणि दाराची चौकट. हातात कुंचला नाही, पॅलेट नाही, समोर ईझल नाही. घरात उभा आहे आणि डोक्यावर टोपी आहे, त्यामुळे हा बाहेरून आला की बाहेर निघालाय ते कळत नाही. या चित्राबद्दल समीक्षक फारसं काही सांगू शकत नाहीत. चेहरा तोंडच उघडत नाही. पण चेहऱ्याऐवजी उंबरठ्याकडे बघितलं की हॉपरच्या सगळ्या शहरचित्रांची किल्ली मिळते. तो कायम आत आणि बाहेर यांच्या मधोमध असतो. ‘नाइट विंडोज’ (१९२८) मध्ये रात्री समोरच्या घराच्या तीन खिडक्यांतून आत पाहणारा. ‘ऑफिस ॲट नाइट’ (१९४०) मध्ये उंचावरून धावणाऱ्या रेल्वेच्या डब्यातून कचेऱ्यांत क्षणभर दिसणारं दृश्य आठवणारा. ‘फ्रॉम विल्यम्सबर्ग ब्रिज’ (१९२८) मध्ये पुलाच्या उंचीवरून वरच्या मजल्यांकडे पाहणारा. या प्रत्येक ठिकाणी त्याचे पाय कुठे होते ते सांगता येतं, आणि प्रत्येक ठिकाणी तो जाता जाता थबकलेला आहे.

‘नाइटहॉक्स’ (१९४२) इतक्या वेळा छापलं गेलंय, पोस्टरांवर, कपांवर, विडंबनांत, की ते आता दिसेनासं झालं आहे. तरी दोन तपशील पुन्हा पाहण्याजोगे आहेत. रात्रीच्या त्या उपाहारगृहाला रस्त्यावरून आत जायला दारच दिसत नाही. वळणदार काचेची भिंत अखंड आहे, आतलं एक दार दिसतं तेही स्वयंपाकघराकडचं. बघणारा बाहेर अंधारात अडकलेला आणि बसलेले आत उजेडात अडकलेले. दुसरा तपशील चित्राच्या घडणीचा आहे. काउंटरवरच्या दोन्ही पुरुषांसाठी हॉपर स्वतःच आरशासमोर बसला आणि बाईसाठी त्याची पत्नी, चित्रकार जोसेफिन ऊर्फ जो. म्हणजे आपल्याकडे पाठ करून बसलेला तो एकटा माणूस हॉपर, बाईशेजारचा हॉपर, आणि रस्त्यावरून हे सगळं पाहणाराही हॉपर. विसाव्या शतकातलं शहराचं सर्वांत प्रसिद्ध चित्र एका अर्थी तिहेरी आत्मचित्र आहे, आणि चेहऱ्यांवरून ते कधीच ओळखू आलं नसतं. चित्र पुरं झाल्यावर काही महिन्यांतच शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटनं ते ३००० डॉलरला घेतलं.

इथे दुसरा, अधिक गंभीर आक्षेप येतो. हॉपरला ‘एकाकीपणाचा चित्रकार’ ठरवून त्याच्या रिकाम्या रस्त्यांत त्याचं अबोल लग्न, त्याचा घुमेपणा वाचणं ही शुद्ध चरित्रगिरी झाली. इमारतींना इमारती राहू द्या. आक्षेप घेणाऱ्यांच्या बाजूनं खुद्द हॉपर आहे. एकाकीपणाचं जरा जास्तच झालंय, अशा अर्थाचं तो बोललेला आहे, आणि भिंतीवरचं ऊन रंगवणं हीच आपली इच्छा असल्याचंही त्यानं सांगितलं होतं. या आक्षेपाशी मी जवळजवळ सहमत आहे. एकाकीपणा हे निदान आहे आणि चित्रात निदान शोधायला जाऊ नये. पण शेवटाकडे, १९६३ मध्ये, त्यानं ‘सन इन ॲन एम्प्टी रूम’ रंगवलं: रिकामी खोली, एक खिडकी, भिंतींवर उन्हाचे दोन पट्टे. आधी एक आकृती घालायचा विचार होता, तो त्यानं सोडला. या चित्रातून काय शोधताय, असं विचारल्यावर त्याचं उत्तर होतं की मी स्वतःला शोधतोय. उन्हाचं वेड आणि स्वतःचा शोध यांत त्याला काही विरोध वाटत नव्हता. तिथे माणूस नाही, वस्तू नाही, शहरही खिडकीबाहेरच्या पानांआड गेलंय; उरली आहे फक्त उभं राहायची जागा. तीन वर्षांनी, १९६६ मध्ये, अखेरच्या चित्रात तो आणि जो विदूषकांच्या पांढऱ्या कपड्यांत रंगमंचाच्या कडेला येऊन निरोपाला वाकले आहेत. तेही उंबरठ्यावरच. जाता जाता जोबद्दल: तिनं हॉपरच्या चित्रांच्या नोंदवह्या ठेवल्या, १९२३ मध्ये ब्रुकलिन संग्रहालयाकडे त्याचं नाव सुचवलं (तिथे त्याच्या एका घराच्या छपराचं जलरंगचित्र १०० डॉलरला विकलं गेलं आणि त्याची गाडी रुळावर आली), आणि तिच्या स्वतःच्या चित्रांतली कितीतरी व्हिटनीनं मृत्यूनंतर वाटून किंवा टाकून दिली. उभं राहायला जागा मिळणं हाही हक्काचा प्रश्न असतो.

हा हक्क जॉर्जिया ओकीफनं वेगळ्या रीतीनं बजावला. शहर हा पुरुषांचा विषय आहे, असं तिला सांगण्यात आलं होतं. १९२५ पासून ती आणि तिचा पती आल्फ्रेड स्टिगलिट्झ शेल्टन हॉटेलात राहू लागले, तिसाव्या मजल्यावर. तेच शहर, तीच वर्षं, पण हॉपर टाळत होता ती उंची तिचं घर होती. ‘ईस्ट रिव्हर फ्रॉम द शेल्टन’मध्ये नदी, धुराडी, गोद्या खाली पसरलेल्या दिसतात, रस्त्यावरून बघते तेव्हा इमारती तिच्या अंगावर येतात आणि चंद्र त्यांच्या फटीत सापडतो. १९२७ मध्ये तिनं अमेरिकन रेडिएटर कंपनीची काळ्या विटांची इमारत रात्रीच्या उजेडात रंगवली. शेजारच्या इमारतीवर जाहिरातीची पाटी होती, त्या जागी तिनं लाल अक्षरांत आपल्या पतीचं नाव घातलं. शहरानं ते नाव तिथे लिहिलं नव्हतं. स्टिगलिट्झनं ओकीफची शेकडो छायाचित्रं काढून तिचा चेहरा जगाला माहीत करून दिला होता. तिनं स्वतःचा चेहरा रंगवायच्या भानगडीत न पडता आपण कुठल्या मजल्यावर राहतो आणि कुणाच्या नावाच्या उजेडात राहतो, ते इमारतींच्या भाषेत सांगितलं.

मुंबईकडे वळलं की तिसरा आक्षेप समोर येतो, आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. शहर ही अनेकांच्या श्रमानं उभी राहिलेली सामायिक वस्तू आहे. तिच्यात चित्रकारानं स्वतःला शोधणं म्हणजे मध्यमवर्गीय चोचले नव्हेत काय? १९८१ मध्ये मुंबई आणि दिल्लीत भरलेल्या सहा चित्रकारांच्या प्रदर्शनाचं नावच ‘प्लेस फॉर पीपल’ होतं: जागा माणसांसाठी. त्या सहांतले सुधीर पटवर्धन हे या आक्षेपाचं मूर्त रूपही आहेत आणि त्याचं उत्तरही. १९४९ मध्ये पुण्यात जन्म, तिथल्याच सैन्यदल वैद्यकीय महाविद्यालयात शिक्षण, १९७३ मध्ये मुंबईत आगमन, आणि १९७५ ते २००५ अशी तीस वर्षं ठाण्यात क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून व्यवसाय. क्ष-किरण आणि चित्र यांची सांगड त्यांच्याबद्दल लिहिणारा प्रत्येकजण घालतो. मला त्यापेक्षा ठाणे हा शब्द मोलाचा वाटतो. डाव्या विचारांच्या प्रभावाखालच्या सुरुवातीच्या चित्रांत, ‘इराणी रेस्टॉरंट’ (१९७७), ‘ट्रेन’ (१९८०) यांत, माणसं इतकी जवळ आहेत की बघणाऱ्यालाही त्याच टेबलाशी, त्याच डब्यात सरकून जागा करून घ्यावी लागते. ‘पोखरण’ (१९९१), ‘लोअर परळ’ (२००१) इथपर्यंत येताना चित्रकार मागे सरतो, दृश्य रुंदावतं, आकृत्या लहान होतात, बांधकाम मोठं होतं. गिरण्या बंद पडून तिथे मनोरे येत होते तेव्हाचा हा काळ. २०१४ च्या सात भागांच्या ‘मुंबई प्रोव्हर्ब्ज’मध्ये तर एका नजरेत मावणारं शहर उरतच नाही, पूल, घरं, रस्ते वेगवेगळ्या उंचीवरून एकमेकांत घुसतात.

कानालेत्तोही दोन-तीन जागा जोडायचा; मग पटवर्धनांना वेगळा न्याय का? कारण कानालेत्तो सांधा लपवतो आणि पटवर्धन तो उघडा ठेवतात. लोकलनं रोज ये-जा करणाऱ्याला मुंबई अशीच तुकड्यातुकड्यांनी भेटते: पुलावरून एक, खिडकीतून एक, फलाटावरून एक. सलग मुंबई फक्त विमानातून दिसते. तेव्हा हे तुकडे म्हणजे ठाण्याला राहणाऱ्या, कामगारांबद्दल आस्था असलेल्या पण कामगार नसलेल्या एका डॉक्टरच्या उभं राहण्याचा तीस-चाळीस वर्षांचा आलेख आहेत. त्या आलेखात डब्यातल्या गर्दीपासून मागे सरत जाण्याचा प्रवासही नोंदला गेला आहे, आणि तो त्यांच्या पिढीतल्या पुष्कळ मराठी मध्यमवर्गीयांचा प्रवास आहे. माणसांसाठी जागा मागणाऱ्या चित्रकारानं आपली स्वतःची जागा लपवली नाही, याचं श्रेय त्यांना द्यायला हवं. ती लपवली असती तर कामगारांविषयीची आस्था निव्वळ घोषणा ठरली असती. २०१९ च्या अखेरीस मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात नॅन्सी अदजानिया यांनी मांडलेलं त्यांचं सिंहावलोकनी प्रदर्शन याच दृष्टीनं मोलाचं होतं, कारण सगळ्या दशकांची चित्रं एका छताखाली असल्याशिवाय हे मागे सरणं दिसत नाही.

मुंबईतच दुसरे एक डॉक्टर-चित्रकार होते, गिव्ह पटेल. कवी आणि नाटककारही. ‘ऑफ लॅमिंग्टन रोड’ हे त्यांचं गजबजलेल्या रस्त्याचं मोठं चित्र ऐंशीच्या दशकातलं. नंतर ते वर्षानुवर्षं विहिरी रंगवत राहिले: काठावर उभं राहून सरळ खाली बघितल्यावर दिसणारं पाणी, कडेची पालवी, पाण्यात उतरलेलं आभाळ. विहीरही बांधकामच, आणि आरशापेक्षा जुना आरसा. काठावर उभा राहून डोकावणाऱ्याला तळाशी आपला चेहरा दिसायला हवा. २०२३ मध्ये पटेल गेले. त्यांच्या विहिरींच्या पाण्यात आभाळ आहे, पानं आहेत, डोकावणाऱ्याचा चेहरा नाही.